अण्णांचा हात हलतो

आमच्या घरात मुलांनी दोन वस्तूंना हात लावायचा नाही, असा कडक दंडक होता. एक आईचं शिवणाचं मशीन आणि दुसरा अण्णांचा कॅमेरा. बाकी हव्या त्या वस्तूला हात लावायला मोकळीक होती. हव्या त्या म्हणजे केरसुणी, पाणी भरायची कळशी आणि पाढ्यांचं पुस्तक. आता दंडक म्हटला की तो मोडणाराही आलाच, पण त्याची हकिकत पुढे.

आम्ही भोईवाड्याचे. परळ-दादर भागातला भोईवाडा म्हटलं की मुंबईकराला आधी कोर्ट आठवतं. ‘भोईवाड्यात असतो’ असं सांगितलं की समोरचा माणूस ‘सुटलात कधी?’ असं डोळ्यांनी विचारतो. नाव मात्र भोयांचं. भोई म्हणजे पालखी वाहणारे. आमच्या चाळीत पालखी कुणाकडेच नव्हती, पण किलोभर वजन गळ्यात वाहणारा एक भोई होता. ते आमचे अण्णा.

अण्णा गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून होते. दिवसभर दुसऱ्यांच्या हजेऱ्या मांडायच्या आणि रविवारी गळ्यात यशिका अडकवून गॅलरीत उभं राहायचं, हा त्यांचा क्रम. हा कॅमेरा त्यांनी बोटीवर नोकरी करणाऱ्या एका गृहस्थाकडून सेकंडहॅंड घेतला. किती रुपयांना, हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही. तिने विचारलं की अण्णा म्हणत, “जपानी आहे,” आणि विषय जपानला नेऊन सोडत.

हा कॅमेरा ज्यांनी पाहिला नाही त्यांना त्याचं रूप सांगायला हवं. एकावर एक दोन भिंगं. वरचं भिंग पाहण्यासाठी, खालचं फोटो काढण्यासाठी. म्हणजे वरचा साहेब नुसता बघतो आणि खालचा कारकून काम करतो. अण्णांना हा कॅमेरा मनापासून आवडला यात नवल नाही. ही जात मूळची जर्मनीची. ब्राउनश्वाइग गावच्या फ्रांके आणि हायडेके या जोडीने १९२९ साली रोलायफ्लेक्स काढला आणि मग जगभर त्याची भावंडं निघाली. आपल्या होमाई व्यारावाला, म्हणजे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या आणि देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, त्यांच्याही हातात रोलायफ्लेक्स असे. अण्णा हे नाव घेताना कानाची पाळी धरत. गवयांनी उस्तादाचं नाव घ्यावं तसे.

या कॅमेऱ्यात डोळा लावून बघायचं नसतं. तो पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि विहिरीत डोकावावं तसं आत डोकावायचं. आतल्या आरशावरून वर आलेलं चित्र एका दुधी काचेवर दिसतं. फोटोग्राफर असा खाली वाकला की समोरच्याला वाटतं, आपल्याला नमस्कार करतोय. शिवाय काचेवर डावं ते उजवं आणि उजवं ते डावं. अण्णा “जरा डावीकडे” म्हणाले की अर्धे लोक त्यांच्या डावीकडे, अर्धे आपल्या डावीकडे सरकत, आणि मधोमध एकमेकांवर आपटत. रोलमध्ये फोटो बाराच. चौकोनी, सहा सेंटीमीटर बाय सहा सेंटीमीटर. त्यामुळे एकेक फोटो काढायला अण्णांना मुंज लावण्याइतका वेळ लागे. तोपर्यंत हसणाऱ्यांची तोंडं दुखत आणि रडणारी पोरं झोपी जात.

आणि एवढं करून फोटो यायचा तो पुसट.

सगळेच पुसट येत असं नाही. भर उन्हात गच्चीवर काढलेले ठीक येत. चाळीतल्या खोलीत, गॅलरीत, गणपतीच्या उजेडात काढलेले मात्र असे येत की जणू सगळं खानदान माथेरानला पावसाळ्यात गेलंय. चाळीने अण्णांच्या कलेला ‘धुके फोटो स्टुडिओ’ असं नाव ठेवलं होतं. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला तिला ओवाळलं, त्या फोटोत पुढच्या तबकातल्या सगळ्या वाती मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट. आजी मात्र त्या वातींच्या धुरातून नुकतीच प्रकट होत असलेली. मावशीचा ‘दाखवायचा’ फोटोही अण्णांनीच काढला. मावशी खुर्चीत, पुढे टीपॉयवर फुलदाणी. फोटो पाहून मुलाकडच्यांनी निरोप पाठवला, “फुलदाणी पसंत आहे. मुलगी प्रत्यक्ष पाहून सांगू.” मावशीचं लग्न झालं, पण ती अण्णांशी पुढे वर्षभर बोलली नाही.

अण्णा स्वतः फोटो हातात घेऊन खिडकीपाशी उभे राहत. बराच वेळ बघत. मग म्हणत, “हात हलला वाटतं.” एवढंच. दोनदा त्यांनी चष्म्याचा नंबर तपासून घेतला. श्वास रोखून फोटो काढायला लागले. एकदा इतका रोखला की आईने पाठीत थाप मारली. तरी निकाल तोच. शेवटी ‘अण्णांचा हात हलतो’ हे आमच्या घरात ‘सूर्य पूर्वेला उगवतो’ इतकं सिद्ध झालेलं वाक्य होऊन बसलं.

या धुक्यात एक माणूस मात्र नेहमी लख्ख यायचा. मी!

ग्रुप फोटोची आमच्याकडची मांडणी ठरलेली. मागे उभे ते पुरुष आणि वाढती मुलं, मध्ये खुर्च्यांवर आजी, आत्या वगैरे, आणि पुढे सतरंजीवर मांडी घालून बारकी पोरं. मी घरातला धाकटा, सतरंजीच्या मधोमध. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, चवळीच्या शेंगेसारखा वाढलेला, म्हणून कायम मागच्या रांगेत. फोटो आला की माझ्या शर्टाची बटणंसुद्धा मोजता यायची, आणि दादाच्या जागी एक उंच धुरकट आकृती. आत्या म्हणायची, “बघा, बापाचं लक्ष कुणाकडे असतं ते!” सगळे हसत. मी लाजत असे, आणि मनातून फुगत असे. दादा हसत नसे. तो फोटो खाली ठेवायचा आणि गॅलरीत जाऊन उभा राहायचा.

दादा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये लागला, तेव्हा पहिल्या पगाराचे पेढे घेऊन आला. अण्णा म्हणाले, “थांब, तसाच. बॉक्स पुढे कर.” दादाने दोन्ही हात लांब करून बॉक्स पुढे केला. अण्णांनी श्वास रोखला. फोटो धुऊन आला तेव्हा पेढ्यांवरच्या पिस्त्याचे काप मोजता येत होते. दादा कुणाचा कोण होता हे सांगावं लागत होतं. त्यावर दादा एकच वाक्य बोलला, “माझ्यापेक्षा पेढे बरे.” आम्ही सगळे खूप हसलो. आज वाटतं, एवढं हसायला नको होतं.

मग १८ जानेवारी १९८२ आली. गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसं घरी बसली, आणि ज्यांच्या हजेऱ्या मांडायच्या तेच नाहीत म्हटल्यावर आमच्या अण्णांचं टेबलही ओस पडलं. घरातली भांडी, आईच्या दोन बांगड्या, एकेक करून बाहेर पडलं. एक दिवस अण्णांनी कॅमेराही गळ्यात अडकवला आणि फोर्टात विकायला घेऊन गेले. दुकानदाराने आत डोकावून पाहिलं, खुंटी मागेपुढे फिरवली, म्हणाला, “फोकस आउट आहे,” आणि जो भाव सांगितला तो ऐकून अण्णांनी कॅमेरा परत गळ्यात घातला. चालत घरी आले. कॅमेरा ट्रंकेत गेला तो गेलाच. पुढे १९९१ साली अण्णाही गेले. ट्रंक माझ्याकडे राहिली.

परवा-परवा दादाची मुलगी आली. हल्लीच्या मुलांना फिल्मवर फोटो काढायचं पुन्हा वेड लागलंय. ज्या गोष्टी टाकून आम्ही सुटलो त्या त्यांना दुकानातून विकत आणाव्याशा वाटतात. तिने कॅमेरा नेला, एक रोल काढला आणि आठवड्याने परत येऊन म्हणाली, “काका, अण्णाआजोबांचा हात हलत नव्हता. हा कॅमेराच पुढचं पकडतो. मी स्टॅंडवर लावून काढले तरी तसंच. माणूस पुसट आणि पुढची चपला-बूट ठेवायची मांडणी स्पष्ट.”

मी म्हटलं, “म्हणजे?”

ती म्हणाली, “म्हणजे वरच्या आणि खालच्या डोळ्याचं एकमेकांशी पटत नाही.”

दुसऱ्या रविवारी दादा पिशवी घेऊन हजर. पिशवीत स्क्रूड्रायव्हरचा संच, टेप, टॉर्च आणि भिंग. माणूस रेल्वेतून निवृत्त होतो, फिटरपणातून होत नाही. “आधी तपास, मग दुरुस्ती,” तो म्हणाला. “उगाच वरचं भिंग फिरवत बसायचं नाही.”

आम्ही दोघं गच्चीवर गेलो. फोकस तपासायला लांबची वस्तू लागते, निदान काही शे मीटरवरची. पूर्वी या कामाला गिरणीचं धुराडं उत्तम होतं. आता धुराड्यांपेक्षा टॉवरच जास्त दिसतात, तेव्हा एका बांधकाम चाललेल्या टॉवरवरची क्रेन आम्ही धरली. कॅमेरा स्टुलावर ठेवला. खुंटी शेवटपर्यंत, म्हणजे अनंतावर नेली. मी झाकणात डोकावलो. क्रेन पुसट. मग क्रेन स्पष्ट होईपर्यंत खुंटी फिरवली.

“आकडा काय दाखवतोय?” दादाने विचारलं.

“पंचवीस फुटांच्या आसपास.”

“तो टॉवर पंचवीस फुटांवर आहे?”

“अजून तरी नाही,” मी म्हटलं. “पण त्यांची लक्षणं तशीच आहेत.”

आता खालच्या डोळ्याची परीक्षा. त्यासाठी कॅमेऱ्याची पाठ उघडायची, आत फिल्म नको. शटर ‘बी’वर ठेवून केबलने उघडं अडकवायचं, भिंगाचं छिद्र पूर्ण मोठं, साडेतीनवर, आणि फिल्म जिथून सरकते तिथे एक दुधी काच धरायची. खालचं भिंग जे चित्र फिल्मवर टाकतं तेच त्या काचेवर दिसतं. मी बायकोच्या डब्यातला बटर पेपर आणला होता. दादाने तो माझ्याकडे अशा नजरेने परत दिला की मी तो खिशातच घातला. “कागद लोंबतो. इथे केसभर फरक पडला तरी हिशेब चुकतो.” त्याने पिशवीतून काचेचा तुकडा काढला. फोटोफ्रेमवाल्याकडून कापून आणलेला आणि इंजिनाचे व्हाल्व घासायच्या पेस्टने एका बाजूने घासून घासून दुधी केलेला. दोन संध्याकाळी बसला होता म्हणे.

मी ती काच घेतली आणि ऐटीत ठेवून दिली. दादा ओरडला, “बाहेरच्या कडांवर नाही! त्या मागच्या दाबपट्टीच्या. फिल्म आतल्या कडांवरून जाते. आत ठेव. आणि खरखरीत बाजू भिंगाकडे.”

“कुठलीही बाजू असली तर काय फरक पडतो? काच ती काच.”

“चित्र काचेत पडत नाही रे, खरखरीत बाजूवर पडतं. उलटी ठेवलीस तर काचेच्या जाडीइतकी गफलत. मिलिमीटरभराची. पण या कॅमेऱ्यात भिंग अनंतापासून दहा फुटांवर यायला जेमतेम दोन मिलिमीटर पुढे सरकतं. त्यात मिलिमीटरभर म्हणजे किती झालं?”

मी मुकाट्याने काच सुलट केली. डोक्यावर काळा टॉवेल घेऊन भिंगातून पाहिलं. खुंटी अनंतावर, आणि क्रेन, डोक्यावर उलटी उभी असली तरी, तिच्या तारांसकट लख्ख! खालचा कारकून निर्दोष होता. पन्नास वर्षं तो बिचारा बरोबर काम करत होता. चूक वरच्या साहेबाची.

“भिंग किंवा आरसा किंवा वरची काच,” दादा म्हणाला. “आधी काच. सगळ्यात सोपं आधी.” आम्ही खोलीत आलो. ताटात पांढरा रुमाल पसरून दादा झाकणाचे चार कोपऱ्यांतले चार स्क्रू काढू लागला. एक निघाला, दुसरा निघाला, तिसरा निघाला. चौथ्याला त्याने टॉर्च लावली. तो स्क्रू अर्धा आत आणि अर्धा बाहेर, तिरपा अडकलेला. दादाने तो काढून तळहातावर घेतला आणि बराच वेळ बघत राहिला.

“हा यशिकाचा नाही,” तो शेवटी म्हणाला. “हा आईच्या मशीनच्या बॉबिनचा आहे.”

त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर जे आलं ते इतकं फोकसमध्ये होतं की अण्णांना आयुष्यात तसं जमलं नाही.

१९७३ सालच्या दिवाळीआधीची दुपार. आई नळावर, दादा शाळेत. घरात आवराआवरी चाललेली, आणि मला सकाळीच “तूही काहीतरी साफ कर” असं सांगितलेलं. अण्णा दोन दिवस कुरकुरत होते की आतल्या काचेवर धूळ बसलीय. मी नऊ वर्षांचा. आईच्या मशीनच्या खणातून बारका स्क्रूड्रायव्हर घेतला, झाकण उघडलं, काच काढली, सदऱ्याला पुसून स्वच्छ केली आणि परत बसवली. चारातला एक स्क्रू लादीच्या फटीत गेला. मग आईच्या बॉबिनला असलेला एक बारका स्क्रू मी तात्पुरता घेतला. त्या दिवाळीत आईचा दोरा सारखा गुंतत होता. ती मशीनला बोलली. अण्णांचे फोटो पुसट आले. ते स्वतःच्या हाताला बोलले. मला कुणीच काही बोललं नाही.

दादाने काच काढून नखाने दोन्ही बाजू चाचपल्या. खरखरीत बाजू वर होती. ती खाली, आरशाकडे असायला हवी. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगून टाकलं. साठी उलटलेल्या माणसाने पासष्टी उलटलेल्या भावाला “मी मुद्दाम नाही केलं” असं सांगणं किती हास्यास्पद दिसतं ते तुम्ही कधी करून पाहा.

दादा काही बोलला नाही. उठून कपाटावरचा अल्बम काढला आणि पानं उलटू लागला. माझं बारसं. सगळे स्पष्ट. दादाची मुंज. आजीच्या नाकातल्या चमकीसकट स्पष्ट. १९७३ चा गणपती. मागच्या रांगेतल्या दादाच्या कपाळावरचा गंधसुद्धा दिसतोय. पान उलटलं. दिवाळी. आणि तिथून धुकं. मध्ये मध्ये गच्चीवरच्या उन्हातले तेवढे बरे, कारण उन्हात भिंगाचं छिद्र बारीक करतात आणि बारीक छिद्र अशा चुका पोटात घालतं. घरात उजेड कमी, छिद्र मोठं, आणि चूक उघडी. फोकस आजीच्या खुर्चीवर धरला, तर तो पडायचा हातभर पुढे. सतरंजीवर.

म्हणजे अण्णा माझ्याकडे बघतच नव्हते. ते आजीकडे बघत होते, मावशीकडे बघत होते, आणि पहिल्या पगाराच्या दिवशी श्वास रोखून फक्त दादाकडे बघत होते. पन्नास वर्षं मी अण्णांचा लाडका होतो. त्या दुपारी मी नुसता पुढे बसलेला मुलगा झालो.

दादाने पेढ्यांचा फोटो अल्बममधून काढला. खिडकीपाशी नेला. अण्णा उभे राहत तसाच उभा राहिला.

“तरी मला वाटायचं,” तो म्हणाला, “की त्यांना पेढेच जास्त दिसले असतील.”

“दादा...”

“गप्प बस,” दादा म्हणाला. “तू तो उद्योग केला नसतास तर संपात कॅमेरा चांगल्या भावाला गेला असता. आज आपल्याकडे हे खोकंसुद्धा नसतं.” आणि नाक ओढून म्हणाला, “काच दे इकडे. तू हात लावू नकोस.”

त्याने काच सुलट बसवली. पुन्हा गच्चीवर गेलो. खुंटी अनंतावर, वर क्रेन स्पष्ट, खाली क्रेन स्पष्ट. मग जवळची परीक्षा. दहा फूट टेपने मोजून भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोख धरला. वर चतुर्थी वाचता आली, खाली चतुर्थी वाचता आली, आणि खुंटीवर आकडा दहा. वरच्या साहेबाचं आणि खालच्या कारकुनाचं पन्नास वर्षांनी एकमत झालं. बॉबिनचा स्क्रू मी आईच्या फोटोपुढे ठेवला. तिला एकदा सांगून टाकलेलं बरं.

मग पुतणीने दिलेला रोल भरला आणि दादाला खिडकीपाशी उभं केलं. पोटाशी कॅमेरा धरून आत डोकावलो. दुधी काचेवर, डाव्याचा उजवा झालेला, दादा. मी खुंटी सावकाश फिरवली. धुक्यातून तो हळूहळू बाहेर आला. आधी चष्म्याची कड, मग भुवया, मग डोळे. अण्णांचे डोळे. मी श्वास रोखला.

“थांब थांब,” दादा एकदम म्हणाला. “आता सगळं अगदी स्पष्ट येणार?”

“अगदी.”

“सुरकुत्यांसकट?”

“सुरकुत्यांसकट.”

“वा रे न्याय!” दादा म्हणाला. “विशीत होतो, दिसायला बरा होतो, तेव्हा धुक्यात उभा केलात. आणि आता तोंडाची पार रया गेल्यावर फोकसमध्ये आणताय!”

आणि तो इतका हसला की मला बटण दाबताच येईना. शेवटी दाबलं. फोटो कालच आला. पुसट आहे.

हात हलला वाटतं.